ट्रेसपास

ट्रेसपास : 'अपराध करणे, मर्यादा ओलांडणे' या अर्थाचे इंग्रजीतील जुने क्रियापद, आज मुख्यतः दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरणे या अर्थी रूढ.

लॅटिन 'ट्रान्स' (पलीकडे) व 'पासुस' (पाऊल) यांतून जुन्या फ्रेंचमध्ये 'त्रेपासे' म्हणजे पार जाणे, मरणे हे क्रियापद आले. आधुनिक फ्रेंचमध्ये त्याचा मरणे एवढाच अर्थ उरला. इंग्रजीत मात्र सु. १३०० पासून ते पाप, आज्ञाभंग, आगळीक यांसाठी वापरले गेले. क्रियापदाचा जमिनीत शिरण्याचा अर्थ पंधराव्या शतकातला, म्हणजे नंतरचा. 'पायरी सोडणे' या मराठी वाक्प्रचारातही आगळीकीची कल्पना पावलावरच उभी आहे.

टिंडलने १५२६ च्या बायबल-भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत 'ट्रेसपास'चे नामरूप योजले आणि १५४९ च्या सामान्य प्रार्थनापुस्तकाने ते घरोघरी नेले. १६११ च्या अधिकृत भाषांतरात त्याच प्रार्थनेत, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, 'कर्ज' या अर्थाचा शब्द आहे. मराठी बायबलही तेथे 'ऋण' म्हणते (पहा : प्रभूची प्रार्थना).

तेराव्या शतकापासून इंग्लंडच्या राजन्यायालयांत शरीर, वस्तू वा जमीन यांवरील प्रत्यक्ष आघाताचा दावा 'ट्रेसपास' याच नावाने चाले. अप्रत्यक्ष हानीसाठी निघालेल्या त्याच्या शाखेतून निष्काळजीपणाचा कायदा घडला (पहा : अपकृत्य). भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ४४१ मधील फौजदारी अतिक्रमणाला नुसता प्रवेश पुरत नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे (पहा : गृह-अतिक्रमण).