सूक्ष्मशैवालांपासून बायोडिझेल : अमेरिकेतील ‘ॲक्वाटिक स्पीशीज प्रोग्रॅम’ (१९७८-१९९६) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
१९७३ च्या तेलसंकटाने आयात खनिज तेलावर विसंबलेल्या राष्ट्रांना पर्यायी इंधनाचा शोध घेणे भाग पडले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ मध्ये सुरू केलेला ‘ॲक्वाटिक स्पीशीज प्रोग्रॅम’ हा त्याच शोधाचा एक भाग होय. या प्रकल्पाच्या यशापयशाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संशोधनाची वाटचाल :
प्रकल्पाचे केंद्र कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथे होते. प्रारंभी शैवालांपासून हायड्रोजन मिळविण्यावर भर होता. १९८० च्या दशकात तो तेलाकडे वळला. शैवालातील मेदाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडविल्यास बायोडिझेल व ग्लिसरीन मिळते. शैवाल खाऱ्या पाण्यात वाढत असल्याने सुपीक जमीन अन्नधान्यासाठीच राहील, ही मोठी आशा होती. संशोधकांनी ३,००० हून अधिक वाण गोळा केले आणि त्यांतून सुमारे ३०० निवडले. त्यांत हरित शैवाल व डायटम यांचे प्राबल्य होते.

मूळ पेच :
नत्राची उपासमार केल्यास अनेक शैवालांच्या पेशींत मेद साठतो. मात्र त्याच वेळी पेशींची वाढ खुंटते. परिणामी एकूण तेल वाढत नाही. डायटममध्ये मेदनिर्मितीशी संबंधित जनुकाच्या जादा प्रती घालूनही तेल वाढले नाही. न्यू मेक्सिकोतील रोझवेल येथे १,००० चौरस मीटरच्या उघड्या तलावांत कार्बन डायऑक्साइडचा ९० टक्क्यांहून अधिक वापर साधला. परंतु वाळवंटी रात्रींच्या थंडीने उत्पादन घटविले.

आर्थिक बाजू :
१९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून १९९६ मध्ये प्रकल्प बंद झाला. उत्पादकतेबाबत आशावादी गृहीतके धरूनही हे इंधन डिझेलच्या दुप्पट महाग पडेल, असे १९९८ च्या समारोप अहवालाने नमूद केले.

निष्कर्ष :
तेल महागले की शैवाल आठवते आणि स्वस्त झाले की विस्मरणात जाते, असे हा इतिहास दर्शवितो. जैविक पेच मात्र बाजारभावाप्रमाणे बदलत नाही. २००९ मध्ये एक्सॉनमोबिलने शैवाल-इंधनासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली. २०२३ मध्ये तिनेही माघार घेतली. म्हणूनच अपयशाची प्रांजळ नोंद ठेवणारा १९९८ चा अहवाल हेच या प्रकल्पाचे चिरस्थायी योगदान ठरते.