सर्वकालीन अकरा

मोहन बागानच्या एखाद्या जुन्या चाहत्याला १९११ चा संघ विचारला, की तो नावं एका ठरलेल्या क्रमानेच सांगतो. गोलमध्ये हीरालाल मुखर्जी. मग दोन बॅक, भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी. त्यांच्यापुढे तीन हाफ: मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य. आणि मग एका दमात पाच फॉरवर्ड: कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी, शिवदास भादुरी. एक, दोन, तीन, पाच. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात या अकरा जणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. बंगालमध्ये या संघाला ‘अमर एकादश’ म्हणतात आणि २९ जुलै हा दिवस क्लब आजही साजरा करतो.

आपल्या क्लबच्या सगळ्या इतिहासातून अकराच खेळाडू निवडायचे आणि त्यांचा सर्वकालीन संघ काढायचा, ही जगभरच्या फुटबॉलवेड्यांची लाडकी रीत आहे. तिचं मूळ मला या पाठांतरात दिसतं. आधी लोकांना एका दिवसाचा संघ तोंडपाठ झाला. मग त्याच साच्यात वेगवेगळ्या वर्षांची माणसं बसवायचा मोह झाला.

पण साचा अकराचाच का? १८६३ मध्ये लंडनला फुटबॉलचे पहिले १३ नियम लिहिले गेले, त्यांत खेळाडू किती असावेत याचा उल्लेखच नव्हता. दोन्ही कप्तान आपसांत ठरवतील तो आकडा. १८७१ मध्ये एफए कप सुरू झाला तेव्हा स्पर्धेच्या नियमांत अकरा आले, आणि खेळाच्या मूळ नियमांत हा आकडा पक्का व्हायला १८९७ उजाडलं. क्रिकेटचं वजन यामागे असणार असं मला वाटतं. शेफील्ड एफसी हा १८५७ चा जुना क्लब क्रिकेट क्लबच्या सभासदांनीच काढला होता, आणि इंग्लंडात उन्हाळ्यात क्रिकेट खेळणारेच हिवाळ्यात फुटबॉलकडे वळत.

अकरा ठरले, तरी कोण कुठे हे ठरायला हवं होतं. त्या काळची मांडणी म्हणजे दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. वर्तमानपत्रं संघ छापत तेही याच ओळीने. १९२८ मध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे क्लब पाठीवर आकडे लावून उतरले. १९३९ मध्ये इंग्लिश लीगने आकडे सक्तीचे केले आणि ते दिले माणसाच्या नव्हे तर जागेच्या हिशेबाने. १ म्हणजे गोली, ९ म्हणजे मधला फॉरवर्ड, ११ म्हणजे डावीकडचा विंगर. या शनिवारी ९ नंबर एकाच्या पाठीवर, पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या. सर्वकालीन संघाची रीत खरी रुजली ती या सवयीमुळे, असं माझं ठाम मत आहे. खुर्ची तीच राहते आणि बसणारा बदलतो, तेव्हाच आजवर तिच्यावर बसलेल्यांत थोर कोण हा प्रश्न सुचतो. १९९३-९४ पासून प्रीमियर लीगने प्रत्येक खेळाडूला मोसमभराचा कायम आकडा आणि पाठीवर नाव दिलं. तोवर चाहत्यांच्या दोन-तीन पिढ्या १ ते ११ या आकड्यांवर वाढल्या होत्या.

एक अडचण मात्र या रीतीला जन्मापासून चिकटली आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला मागे ओढून तिसरा बॅक केला. १९५८ चा विश्वचषक ब्राझीलने चार बॅक घेऊन जिंकला. मग १९११ चे मधले हाफ राजेन सेनगुप्ता आजच्या मांडणीत कुठे उभे करायचे? बचावात की मधल्या फळीत? ‘फ्रान्स फुटबॉल’ या मासिकाने २०२० मध्ये जगाचा सर्वकालीन संघ निवडला, तेव्हा मागे तिघेच ठेवले: काफू, बेकेनबावर, माल्दिनी. पुढची मोठी नावं इतकी की चौथ्या बॅकची जागाच त्यांना द्यावी लागली. चाहते घरबसल्या करतात तीच तडजोड तिथेही झाली.

आमच्याकडे मुंबईत फुटबॉल गोऱ्या पलटणींनी आणला. इथली रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासूनची. तो कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती लागला १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो नेला आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकांनी त्या संघाला आपल्याच संघासारखं प्रेम दिलं. मुंबईचे स्वतःचे संघ होते ते बहुतेक कंपन्यांचे आणि कचेऱ्यांचे: टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळे आणि चाहत्याला आपल्या साहेबाचा किंवा शेजारच्या टेबलावरचा माणूस मैदानात दिसे. कोल्हापुरात संघ तालमीचा आणि पेठेचा असतो: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तिथे निष्ठा बापाकडून मुलाकडे जाते. कंपनीच्या संघाला ते भाग्य नाही. कंपनीने ठरवलं की संघ बंद.

महिंद्राचं तेच झालं. १९६२ मध्ये निघालेला हा संघ पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ नावाने देशात गाजला. ड्युरँड कप तीनदा, फेडरेशन कप दोनदा आणि डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग. २०१० मध्ये कंपनीने संघ मिटवला. त्यानंतर नवा खेळाडू नाही, नवा मोसम नाही.

या संघाचा सर्वकालीन अकरा मी तयार होताना पाहिला तो कर्जत लोकलमध्ये. संध्याकाळची गाडी बदलापूर सोडते तेव्हा डबा जरा मोकळा होतो. मग वांगणी, शेलू आणि नेरळ. तेवढ्या वेळात पुष्कळ भांडता येतं. निवृत्तीला आलेले एक काका जेवणाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून बसले होते. खाली गोल, वर रिकाम्या जागा, आणि उजव्या विंगला न विचारताच लिहिलेलं नाव: स्टीव्हन डायस. मुंबईचा पोरगा, त्यावर वाद नव्हता. मधल्या फळीत एन. पी. प्रदीप. पुढे याकुबू आणि बारेटो. तिथे समोरचा तरुण अडला.

‘‘काका, बारेटो दोनच सीझन होता की. तो मोहन बागानचा.’’

‘‘दोनच. पण लीग त्या दोनांतच आली ना?’’

‘‘मग खालिद जमील कुठे बसवणार? त्याने किती वर्षं काढली!’’

काकांनी एक नाव खोडलं, परत लिहिलं आणि प्रदीपच्या शेजारी बाण काढून ‘खालिद’ असं बारीक अक्षरात घातलं. आता मैदानात बारा जण झाले होते. नेरळ आलं तेव्हा बाराच होते. त्याच खालिद जमील यांनी पुढे २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. पण काकांच्या कागदावर त्या कर्तबगारीला गुण नाहीत. तिथे मोजायचं ते फक्त महिंद्राच्या जर्सीतलं.

सर्वकालीन संघाची सगळी भांडणं अखेर इथेच येऊन ठेपतात: दुसरीकडे कमावलेली कीर्ती मोजायची की नाही. नव्या पिढीचं भांडणही तेच. पावसाळ्यात नेरळकडे क्रिकेटची खेळपट्टी चिखलात जाते आणि पोरं फुटबॉल बाहेर काढतात. त्यांचा क्लब आता मुंबई सिटी, २०१४ चा. त्याच्या यादीत निकोला आनेल्का आहे, २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू दिएगो फोर्लान आहे. फोर्लान इथे एकच मोसम, २०१६ मध्ये, खेळला आणि केरळविरुद्ध हॅट्‌ट्रिक करून गेला. दुसरीकडे बिपिन सिंग आहे. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला त्याने गोल केला आणि मुंबईला पहिली इंडियन सुपर लीग (आयएसएल) मिळाली. डाव्या विंगला मी बिपिनलाच घेतो. फोर्लान बाकावर. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी पुन्हा पुन्हा भांडायला तयार आहे, कारण क्लबचा संघ काढताना क्लबसाठी काय केलं एवढंच विचारायला हवं. परदेशी चारच घ्यायचे, निदान दोन मोसम खेळलेला हवा, आपण प्रत्यक्ष पाहिलेला हवा, असे नियम पोरं आपापसांत लावतात आणि मला ते नियम आवडतात. नियम कडक असला की निवडीला किंमत येते.

एका बाबतीत मात्र ‘आपण पाहिलेला हवा’ हा नियम मी मोडतो. क्लब बाजूला ठेवून सगळ्या मुंबईचा संघ काढायचा झाला, तर ९ नंबर नेव्हिल डिसूझा यांचा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारत ४-२ जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. १९८० मध्ये ते गेले. आज मुंबई सिटीची जर्सी घालून खेळणाऱ्या नेरळच्या पोरांना त्यांचं नाव विचारलं तर बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात. म्हणून कागदावर मी त्यांचं नाव सगळ्यांत आधी लिहितो आणि मग उरलेल्या दहा जागांवर भांडण सुरू करतो.