कावेरीकाठची साकी-दिंडी

कोणत्याही नव्या गायनप्रकाराचे भवितव्य त्याच्या पहिल्या आविष्काराने क्वचितच ठरते. ते बहुधा दुसऱ्याने ठरते. पहिल्या वेळी नवलाई असते, आवेश असतो, आणि श्रोताही उणिवांकडे काणाडोळा करतो. दुसऱ्या वेळी नवलाई ओसरलेली असते. मग कलावंताला ठरवावे लागते की, तेच पुन्हा म्हणावयाचे, की त्यात नवे रक्त घालावयाचे?

दूरचे एक उदाहरण घेऊ. इंग्लंडातील ‘द डॅम्ड’ या पंक रॉक मंडळींची पहिली ध्वनिमुद्रिका 1977 च्या फेब्रुवारीत निघाली. ब्रिटिश पंक मंडळींपैकी पूर्ण ध्वनिमुद्रिका प्रथम काढण्याचा मान तिच्याकडे जातो. ओबडधोबड, वेगवान आणि प्रस्थापितांच्या घोटीव संगीताला उघड आव्हान देणारे ते गाणे होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका, ‘म्यूझिक फॉर प्लेझर’, आली. तिची निर्मिती सोपविली होती ‘पिंक फ्लॉइड’च्या निक मेसन यांच्याकडे, म्हणजे ज्या घराण्याविरुद्ध बंड, त्याच घराण्यातील जाणत्याकडे! टीकाकारांनी तिचे स्वागत केले नाही, आणि काही महिन्यांतच ती मंडळी काही काळापुरती पांगली. परक्या घराण्याचा हात लागला की मूळचे तेज जाते, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. परंतु आपल्या कीर्तनाने कावेरीकाठी घेतलेला दुसरा जन्म पाहिला, म्हणजे हा निष्कर्ष घाईचा वाटू लागतो.

कावेरी आणि अरसलार या नद्यांमध्ये वसलेले कुंभकोणम् हे गाव मराठी माणसाला परके नाही. इ.स. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले, आणि त्यांच्यामागोमाग कारकून, पंडित, शिलेदार व हरिदास या मुलखात आले. तंजावर, मन्नारगुडी येथे रामदासी मठ उभे राहिले. मन्नारगुडीच्या मठातील मेरुस्वामी आपले कीर्तन घेऊन त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धती घालून दिली, त्या संप्रदायात आजही तुकोबांचे अभंग गाइले जातात. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये जन्मले ते या कुंभकोणम्‌सच, एका देशस्थ मराठी कुटुंबात.

1799 मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला; 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले आणि उरलेसुरले नावही खालसा झाले. मराठीचा या प्रांतातील अंमल येथेच संपावयास हवा होता. परंतु इतिहासाने गंमत केली. पुढच्याच दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे हरिदास चातुर्मासानिमित्त तंजावरास आले आणि राहिले. राजदंड गेल्यावर चिपळ्या आल्या! पूर्वरंग, उत्तररंग, आरंभीची पंचपदी, आणि कथेच्या ओघात येणाऱ्या साक्या, दिंड्या, ओव्या व अभंग, असा त्या कीर्तनाचा थाट. तमिळ श्रोत्यांना कथाकथन नवे नव्हते; पण तेथील कथेकरी प्रामुख्याने पुराण सांगे, गाणे त्यात तोंडी लावण्यापुरते असे. कथा, गायन, ताल आणि अभिनय यांची एवढी घट्ट वीण त्यांना नवी होती.

हा झाला पहिला आविष्कार. बुवांनंतर ते कीर्तन मराठी घरांच्या ओसरीवरच राहिले असते, तर शंभर वर्षांत त्याची केवळ आठवण उरती. तसे झाले नाही, याचे श्रेय तंजावर कृष्ण भागवतर या तमिळ गायकाला आहे. त्यांनी मराठी कीर्तनाचा सांगाडा जसाच्या तसा उचलला. पण त्यात रक्तमांस घातले ते कर्नाटक संगीताचे. साकी आणि दिंडी ही वृत्ते ठेवली, शब्द मात्र तमिळ, तेलुगू व संस्कृत झाले. प्रसंग पाहून त्यागराजांच्या कृती कथेत गुंफल्या. साथीला मृदंगावर नारायणस्वामी अप्पा हे मराठी वादक असत. 1903 मध्ये कृष्ण भागवतर वारले, तेव्हा ‘हरिकथा कालक्षेपम्’ हा तमिळनाडूचा स्वतःचा कलाप्रकार होऊन बसला होता. याच सुमारास, 1880 मध्ये, पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि कीर्तनातीलच साक्या-दिंड्या नाटकात शिरल्या. एकाच मुळाच्या दोन फांद्या एकाच काळात दोन भाषांत फुलल्या, हा योगायोग मनोरम आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सी. सरस्वतीबाई या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. स्त्रीने हरिकथा करावी हे पुरुष भागवतरांना रुचले नाही. विरोध झाला, बहिष्काराची भाषा झाली. पण बाई मागे हटल्या नाहीत. ज्या कलेवर हक्क कोणाचा यासाठी लोक भांडतात, ती कला जिवंत आहे असे खुशाल समजावे.

आता प्रश्न उरतो तो आपला. या व्यवहारात मराठीचे काय झाले? तिचे शब्द गेले, हे मान्यच केले पाहिजे. कृष्ण भागवतरांच्या वाटेने जाणाऱ्या कथेकऱ्याला मराठी येत असे वा नसे. ‘साकी’, ‘दिंडी’, ‘निरूपणम्’ हे मात्र तो आपले म्हणून उच्चारी. हा तोटा लहान नव्हे. परंतु दुसरा पर्याय कोणता होता? जशीच्या तशी जपलेली वस्तू संग्रहालयात राहते. दुसऱ्याच्या कंठात गेलेली वस्तू गाइली जाते. मेसन यांनी बंडखोरांच्या गाण्याला बाहेरून घोटून दिले, असे फार तर म्हणता येईल. कृष्ण भागवतर स्वतः कीर्तन शिकले, उभे राहून करू लागले आणि मगच ते बदलले. परक्या हाताचा दोष नसतो. तो हात शिष्याचा आहे की केवळ कारागिराचा, एवढेच पाहावयाचे असते.

आपण बदलीच्या हुकमाबरोबर गावे बदलणारी माणसे. मुले शाळेत तिथली भाषा बोलू लागली की आपल्या मनात कालवाकालव होते, आणि ती खोटी नसते. अशा वेळी तंजावर जिल्ह्यात नेमणूक झालीच, तर एखाद्या देवळात हरिकथा असेल त्या रात्री अवश्य जाऊन बसावे. शब्द कळणार नाहीत. पण कथा रंगात आली की मध्येच एक चाल उठेल, आणि आजीच्या मांडीवर ऐकलेली दिंडी आपल्याला ओळखू येईल.