परगावची पहिली नेमणूक

छत्तीसगडात मराठी माणूस केव्हा आला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथेच राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. पुढे कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतील नोकर असे एकामागून एक येत गेले. या इतिहासात स्त्री येते ती बहुधा कोणाची पत्नी, माता वा सून म्हणून. स्वतःच्या नावाचा नेमणुकीचा हुकूम हाती घेऊन परगावी उतरणाऱ्या स्त्रीचा इतिहास मात्र निराळा आहे. त्यात परिचारिकेचे प्रकरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. कारण तिच्या कामात रात्रपाळी आहे, आणि समाजाने तिच्याकडे नेहमी त्या रात्रीवरूनच पाहिले.

मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले. त्याच सुमारास शहरात परिचारिकांच्या पद्धतशीर शिक्षणास आरंभ झाला, आणि १८९१ मध्ये काशीबाई गणपत ही पहिली हिंदी विद्यार्थिनी शिक्षणास आली, अशी या व्यवसायाच्या इतिहासात नोंद आहे. परंतु परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणे, सर्व जातींच्या रोग्यांचे मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकही गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा घरात मान्य होण्यासारखी नव्हती.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय मोठ्या अंशाने पुण्याच्या सेवासदनास द्यावे लागते. १९०९ मध्ये रमाबाई रानडे, गोपाळ कृष्ण देवधर प्रभृतींनी ही संस्था स्थापिली आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थिनी पाठविल्या. त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. संस्थेच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जातील महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो केली. रमाबाईंनी तेथल्या तेथे उभे राहून त्यांच्या शिक्षणाचीच लाज काढली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. तथापि आमच्या मते त्या फटकाऱ्याहून अधिक काम सेवासदनच्या वसतिगृहाने केले. मुलगी कोठे राहील, कोणाच्या देखरेखीखाली राहील, हे आईबापांस सांगता येऊ लागले, तेव्हाच ती घराबाहेर पडू शकली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हा त्यांनीही शिकणाऱ्या मुलींच्या निवासास शिक्षणाइतकेच महत्त्व दिले होते.

देशाचे चित्र मात्र फारसे पालटले नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे सुमारे ६,००० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका ४३,००० लोकांमागे एक. परिचारिकांच्या राहण्याच्या हलाखीवरही समितीने बोट ठेवले होते. १९४७ अखेर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि मान्य पात्रता एका प्रांतात मिळविली तरी दुसऱ्या प्रांतात ती ग्राह्य धरली जाऊ लागली. (त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.) परप्रांतातील नोकरीची कायदेशीर वाट येथून मोकळी झाली.

रायपूरपुरता या वाटेचा अर्थ १९५६ नंतर बदलला. तोवर मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरची मुलगी ३०० किलोमीटरांवरील रायपुरास आली तरी ती आपल्याच प्रांतात असे. १ नोव्हेंबर १९५६ पासून तोच आगगाडीचा रस्ता तिला परराज्यात नेऊ लागला. १९६३ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, २००० मध्ये रायपूर राजधानी झाले, २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. परिचारिकांची गरज वाढतच गेली. वॉर्डात पहिल्याच दिवशी म्हातारी ‘मूड पिरावत हे’ म्हणते, तेव्हा डोके दुखते आहे हे नव्या मुलीला उमगत नाही. पण ‘पीडा’ या शब्दाशी नाते लक्षात आले की पुढचे सोपे होते. भाषा महिन्या-दोन महिन्यांत येते. खोली मिळण्यास कधी त्याहून अधिक वेळ लागतो.

आपणांस बदली झाली की प्रवासभत्ता मिळतो, रुजू होण्यास मुदत मिळते, पुष्कळदा सरकारी निवासस्थान मिळते. खासगी रुग्णालयात पहिली नोकरी धरणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीस यांपैकी काहीच मिळत नाही. शंकर नगरासारख्या सुस्थित वसाहतीत ती वरच्या मजल्यावरची खोली विचारीत येते, तेव्हा भाड्याच्या आधी एक प्रश्न पुढे येतो : रात्री किती वाजता परत येणार? आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या मुलीने दाराशी या प्रश्नाचे उत्तर देत उभे राहावे, हे सज्जातील त्या हुर्योचेच सभ्य रूप होय.

केरळच्या मुली देशभरच्या रुग्णालयांत पोहोचल्या, त्यामागे त्यांचे धैर्य होतेच. पण गावची आधी गेलेली थोरली परिचारिका आणि त्या शहरातले चर्च यांचाही आधार होता. आपल्याकडे तेवढ्या तोलाचे काही असेल, तर ती परप्रांतातील मराठी मंडळे होत. गणेशोत्सव व नाट्यप्रयोग आपण हौसेने करतो, ते करावेतच. त्याबरोबरच नव्याने आलेल्या मुलीस पहिले तीन महिने विश्वासाची जागा मिळवून देणे, मंडळाच्या दोन भगिनींनी तिची चौकशी ठेवणे, एवढे काम प्रत्येक मंडळाने अंगावर घ्यावे. त्यास मोठा निधी लागत नाही. एका मोकळ्या खोलीची किल्ली लागते. सेवासदनने जे पुण्यात केले, ते परगावी करण्याची जबाबदारी आता आपणांवर आहे, असे आम्हांस वाटते.