ठाकूर, मृणाल

ठाकूर, मृणाल : (१ ऑगस्ट १९९२ – ). हिंदी मालिकांतून पुढे आलेल्या मराठी अभिनेत्री. जन्म धुळ्याचा. शालेय शिक्षण जळगावच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये व नंतर मुंबईजवळच्या वसंत विहार हायस्कूलमध्ये. पुढे मुंबईच्या के. सी. महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण मालिका मिळाली आणि पदवी राहून गेली.

ती मालिका म्हणजे स्टार प्लसवरील ‘मुझसे कुछ कहती... ये खामोशियाँ’ (२०१२-१३). तीत त्या गौरी भोसले झाल्या. पाठोपाठ ‘अर्जुन’ या गुन्हे-तपास मालिकेत पत्रकाराची छोटी भूमिका केली.

घराघरांत पोहोचल्या त्या मात्र ‘कुमकुम भाग्य’मधील बुलबुलमुळे. बालाजी टेलिफिल्म्सची ही मालिका झी टीव्हीवर एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या कादंबरीत आहे. मंगल कार्यालय चालवणारी आई सरला आणि तिच्या दोन मुली : थोरली प्रज्ञा समंजस, धाकटी बुलबुल अवखळ. ज्याच्याशी थोरलीचे लग्न जमवायचे, त्याच पूरबवर धाकटीचा जीव. कादंबरीत दोघी बहिणींना जवळपास सारखे वजन आहे. मालिकेत कथानक लवकरच प्रज्ञा आणि तिचा नवरा अभी यांच्या संसाराकडे वळले आणि बुलबुल दुय्यम झाली. डेली सोपमधल्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला काय येते, हे प्रेक्षक जाणतो. थोरलीवर आळ येतो, ढोल-ताशांसारखे पार्श्वसंगीत वाजते, आणि कोपऱ्यात उभ्या बहिणीच्या चेहऱ्यावर कॅमेरा एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जातो. संवाद नाही. ठाकूर यांनी हा रिकामा वेळ वाया घालवला नाही. डोळे विस्फारण्याच्या रूढ पद्धतीऐवजी त्या समोरच्याचे ऐकताना दिसत. २०१५ मध्ये सहाय्यक अभिनेत्रीचा इंडियन टेलिव्हिजन अकॅडमी पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. २०१६ मध्ये त्यांनी मालिका सोडली. बुलबुल दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली. त्याआधी ‘नच बलिये’च्या सातव्या पर्वात त्या नाचल्याही; त्याची नोंद एवढीच पुरे.

छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्यावर जाण्याची वाट धुळे जिल्ह्याला नवी नाही. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असे. श्याम बेनेगलांचे लक्ष तिच्याकडे गेले ते तिथूनच. मात्र स्मिताचा जन्म पुण्याचा, तर मृणाल यांचा धुळ्याचाच.

‘कुमकुम भाग्य’ सुरू झाली त्याच वर्षी, २०१४ मध्ये, ‘हॅलो नंदन’, ‘विटी दांडू’ आणि ‘सुराज्य’ हे मराठी चित्रपट त्यांनी केले. तबरेझ नूरानी यांच्या ‘लव्ह सोनिया’त (२०१८) त्यांना मुख्य भूमिका मिळाली. कर्जापायी बापाने विकलेल्या बहिणीला शोधत मुंबईच्या वेश्यावस्तीत जाऊन अडकणारी ही मुलगी. पुन्हा बहीणच, पण इथे कॅमेऱ्याला ती कोपऱ्यात शोधावी लागत नाही. या भूमिकेच्या तयारीसाठी त्या कोलकात्याजवळच्या अशा वस्तीत जाऊन तिथल्या स्त्रियांना भेटल्या होत्या. नंतर ‘सुपर ३०’, ‘बाटला हाऊस’ (दोन्ही २०१९), ‘तुफान’ (२०२१) आणि ‘जर्सी’ (२०२२) आले. यांत नायकाची जोडीदार हीच चौकट बहुधा राहिली, आणि बुलबुलइतकीही मोकळीक तिथे दिसत नाही.

ती मिळाली तेलुगूत. हनु राघवपुडी यांच्या ‘सीता रामम्’मध्ये (२०२२) सीता महालक्ष्मी आणि राजकन्या नूरजहाँ ही एकाच स्त्रीची दोन नावे त्यांनी वागवली. तेलुगू आवाज चिन्मयी श्रीपाद यांचा आहे.