बेसबॉलची कीर्द-खतावणी

बेसबॉलचा सामना मैदानावर बसून मी आजवर एकदाही पाहिलेला नाही, ही कबुली प्रारंभीच दिलेली बरी. ज्या पिढीने बाळ ज. पंडितांचे धावते वर्णन रेडिओला कान लावून ऐकले आणि शाळेच्या वहीची मागची पाने धावफलकांनी भरून वडीलधाऱ्यांची बोलणी खाल्ली, त्या पिढीतला मी. त्यामुळे मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन बेसबॉलच्या आकड्यांचे एक पुठ्ठा निखळलेले वार्षिक जेव्हा हाती लागले, तेव्हा खेळ कळण्याआधी मला त्यातील वही कळली. खेळाडू कोण, शहरे कोणती, हे सारे अपरिचित. पण कोष्टकांच्या त्या उभ्या-आडव्या ओळींमागे रात्री जागून आकडे जुळविणारा जो कोणी मनुष्य बसलेला होता, तो मात्र अगदी ओळखीचा वाटला. त्या मनुष्याचा आणि त्याच्या पूर्वजांचा शोध घेण्यात माझी पुढली काही वर्षे गेली.

या वंशावळीचा मूळ पुरुष हेन्री चॅडविक. त्याचा जन्म १८२४ साली इंग्लंडातील एक्झेटर येथे झाला. विलायतेतील सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांचा अध्वर्यू एडविन चॅडविक हा त्याचा सावत्र भाऊ. आणि मोठ्या भावाने गटारे व रोगराई यांचे कोष्टक मांडावे, धाकट्याने चेंडू व धावा यांचे, ही त्या घराण्याची सांख्यिकी वृत्ती मला मोठी मौजेची वाटते. तेराव्या वर्षी कुटुंबाबरोबर तो ब्रुकलिनला आला आणि पुढे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांचे वृत्तांत लिहू लागला. होय, क्रिकेटच्याच, कारण तेव्हा त्या शहरात क्रिकेटचे मंडळ-मैदान सारे होते आणि बेसबॉल हा पोरसवदा खेळ समजला जाई. १८५६ साली असाच एक क्रिकेटचा सामना आटोपून परतताना वाटेत चाललेला बेसबॉलचा चुरशीचा डाव पाहून तो थबकला, आणि हा खेळ अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ होण्यास योग्य आहे असे त्याच्या मनाने घेतले. पुढील अर्धशतक त्याने या एका निश्चयाच्या चाकरीत घालविले.

संपूर्ण सामना वर्तमानपत्राच्या दोन बोटे जागेत बसविणारे जे कोष्टक ‘बॉक्स स्कोर’ या नावाने अमेरिकेत घरोघरी वाचले जाऊ लागले, त्याचे श्रेय चॅडविकला आणि १८५९ या सालाला देण्याचा प्रघात आहे. काटेकोर बोलायचे तर १८४५ च्या न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रातही अशा कोष्टकाचा ओबडधोबड नमुना सापडतो. परंतु एखादी वस्तू प्रथम करणे आणि ती चालू करणे यांत जे अंतर असते, ते येथेही आहे. फलंदाज तीनदा चुकून बाद झाला की नोंदवहीत आजही ‘के’ हे अक्षर लिहितात, ते चॅडविकनेच ‘स्ट्रक’ या शब्दाच्या अंत्याक्षरावरून घेतले. १८६० पासून निघालेल्या दहा सेंटांच्या नियमपुस्तिकेतून त्याने ही लिपी गावोगावच्या पोरांना शिकविली. आपल्याकडील पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर सामन्याची रोजकीर्द कशी लिहावी आणि हंगामाच्या अखेरीस तिची खतावणी खेळाडूंच्या नावे कशी ओढावी, याचा शिरस्ता त्याने घालून दिला.

पण शिरस्ता घालणारा आपले पूर्वग्रहही त्यात घालतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि फलंदाजाने त्यांना फळी लावण्याचा मोह आवरला, तर त्यास पहिल्या बेसवर चालत जाण्याची मुभा मिळते. यास ‘वॉक’ म्हणतात. क्रिकेटात मुरलेल्या चॅडविकला हा प्रकार वाइड चेंडूसारखाच दिसला, आणि वाइडची धाव जशी फलंदाजाच्या नावे न पडता अवांतरात पडते, तशीच वॉकही त्याने फलंदाजाची कमाई न मानता पिचरची चूक मानली. फलंदाजाच्या योग्यतेचे सर्वमान्य माप जी ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’, तिच्या अंशात वॉकला स्थान नाही आणि छेदातही नाही. जणू ती घडलीच नाही. १८८७ च्या एका हंगामापुरती वॉक ही फटक्यासमान धरण्याचा प्रयोग झाला. सरासऱ्या भलत्याच फुगल्या, ओरड झाली, आणि दुसऱ्याच वर्षी जुनी वहिवाट पुन्हा सुरू झाली. परिणाम असा की बेसवर पोचणे, म्हणजे बाद न होणे, ही जी या खेळातील सर्वांत मौल्यवान गोष्ट, तिच्या एका मोठ्या हिश्शाचे खातेच शंभर वर्षे कोणाच्या नावे उघडले गेले नाही. संयमी फलंदाज हजारो वेळा बेसवर पोचूनही दप्तरी दरिद्री राहिले, आणि दिसेल त्या चेंडूवर फळी फिरविणारे मात्र श्रीमंत ठरले. वाइडच्या एका नोंदीने समुद्र ओलांडून एवढा उत्पात करावा, हे क्रिकेटवेड्या आम्हा लोकांना काहीसे लाजिरवाणेच आहे.

चूक कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नव्हे. ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने १९४७ साली माँट्रियलच्या अ‍ॅलन रॉथ नावाच्या तरुणास पगार देऊन केवळ आकडे मांडण्यासाठी नोकरीस ठेवले, आणि या दोघांच्या खटाटोपातून १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात रिकीच्या नावे एक लांबलचक सूत्र प्रसिद्ध झाले, ज्यात बेसवर पोचण्याच्या प्रमाणास अग्रस्थान होते. लोकांनी ते बीजगणित पाहून हसण्यावारी नेले. तिकडे अधिकृत आकड्यांचे दप्तर अ‍ॅल मन्रो इलायस या गृहस्थाने १९१३ साली काढलेल्या संस्थेकडे गेले होते. या इलायसने प्रारंभी न्यूयॉर्कच्या पानगृहांतून आणि बिलियर्डच्या अड्ड्यांतून आकड्यांची कार्डे विकली होती. पण धंदा जमला, बड्या लीगचे काम मिळाले, आणि मग जे कोणत्याही सनदी दप्तराचे होते तेच झाले: आकडे पुष्कळ, पण त्यांची किल्ली कनवटीला. प्रत्येक चेंडूगणिक काय घडले याचे कागद सामान्य शौकिनास मिळण्याची सोय उरली नाही.

म्हणून पुढची कथा दप्तराबाहेरची आहे. १९७१ च्या ऑगस्टच्या १० तारखेस न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या खेड्यात सोळा माणसे एकत्र जमली. त्यांना बोलावणारा एल. रॉबर्ट डेव्हिड्स हा वॉशिंग्टनमधील सरकारी नोकर. बाकीचेही बहुतेक असेच, फुरसतीत जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणीत डोके खुपसून बसणारे. त्यांनी अमेरिकन बेसबॉलच्या संशोधनाचे मंडळ स्थापिले आणि पुढल्याच वर्षी त्याचे नियतकालिक काढले. यातील विनोद असा की ज्या गावी हे सत्यशोधक जमले, ते गाव एका बनावट दाखल्यावर मोठे झालेले. बेसबॉल हा इंग्रजी ‘राउंडर्स’चा वंशज आहे असे चॅडविकने म्हणताच खेळाच्या साहित्याचा बडा व्यापारी आल्बर्ट स्पॉल्डिंग याच्या राष्ट्राभिमानास ठेच लागली, १९०५ साली एक चौकशीमंडळ नेमले गेले, आणि त्याने एका वृद्ध खाणअभियंत्याच्या आठवणीवर विसंबून निवाडा दिला, की १८३९ साली कूपर्सटाउन येथे अ‍ॅब्नर डबलडे याने हा खेळ निर्माण केला. पुढे सेनापती झालेला डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत होता, आणि खेळाविषयी त्याने उभ्या आयुष्यात काही दावा केला नव्हता. पण १९३९ साली शतसांवत्सरिक उत्सव झाला, कीर्तिमंदिर उघडले, टपालाचे तिकीट निघाले. त्या कीर्तिमंदिराने चॅडविकलाही १९३८ साली पावन करून घेतले होते. तो बिचारा १९०८ साली वारला, आपले म्हणणे खरे ठरल्याचे पाहण्यापूर्वीच.

आता त्या पदपथावरील वार्षिकाचा कर्ता. बिल जेम्स हा १९४९ साली कॅन्ससमध्ये जन्मलेला, सैन्यात सक्तीची नोकरी करून परतलेला, लॉरेन्स या गावी डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी म्हणून लागलेला माणूस. भट्टीवर नजर ठेवायची आणि कुलपे तपासायची, एवढे काम. उरलेली रात्र त्याची स्वतःची. त्या रात्रींत त्याने वर्तमानपत्रांतील बॉक्स स्कोर एकेक करून मोजले, आणि १९७७ साली अडुसष्ट पानांचे एक चोपडे स्वखर्चाने तयार करून ‘स्पोर्टिंग न्यूज’मध्ये एक चिमुकली जाहिरात दिली. पंचाहत्तर प्रती खपल्या. दुसऱ्या वर्षी अडीचशे. आमच्याकडे साठीच्या दशकात चक्रमुद्रित कागदांवर कविता छापून टपालाने पाठविणाऱ्या मंडळींनी जो शब्द रूढ केला, तो ‘लघुअनियतकालिक’ हा शब्द येथे मनात येतो. जेम्सचे चोपडे वर्षातून एकदा नियमाने निघे, एवढाच फरक. ग्राहक इतके थोडके, की लिहिणारा त्यांतील कित्येकांना नावांनी ओळखे, आणि ते उलट पत्रे लिहून त्याचे हिशेब तपासत.

या चोपड्यांचे बळ आकड्यांत नव्हते, जाबसालात होते. एक उदाहरण देतो. क्षेत्ररक्षकाची गुणवत्ता तेव्हा चुकांवरून मोजीत: ज्याच्या हातून चेंडू कमी सुटले तो चांगला. जेम्सने विचारले, जो मंदगती मनुष्य चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या हातून तो सुटणार कसा? आळशाच्या नावे चूक लागत नाही, धावणाऱ्याच्या नावे लागते. मग हे माप कशाचे? म्हणून त्याने सामन्यागणिक प्रत्येक रक्षकाने किती गडी बाद करण्यास प्रत्यक्ष हात लावला, हे मोजले, आणि नावाजलेल्यांची क्रमवारी उलटीपालटी झाली. सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्यास या युक्तिवादाचे मर्म अधिक फोड न करता समजावे. तसाच हिशेब त्याने वॉकचाही मांडला. फलंदाजाने संघास किती धावा मिळवून दिल्या याच्या त्याच्या सूत्रात, चॅडविकने बेदखल केलेली वॉक पुन्हा आपल्या हक्काच्या जागी बसली. या विद्येस त्याने १९८० साली कूपर्सटाउनच्या मंडळाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सेबरमेट्रिक्स’ असे नाव दिले. १९८२ पासून एका प्रकाशनसंस्थेने ते वार्षिक हाती घेतले, खप वाढला, आणि १९८८ मध्ये थकून जेम्सने ते बंद केले. बेसवर पोचण्याच्या प्रमाणास बड्या लीगने अधिकृत आकड्यांत स्थान दिले ते १९८४ साली. रिकीच्या सूत्रास तेव्हा तीस वर्षे झाली होती. पुढे २००२ च्या अखेरीस बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने जेम्सला सल्लागार म्हणून ठेवले, आणि १९१८ नंतर एकही अजिंक्यपद न मिळालेल्या त्या संघाने २००४ साली ते पटकावले. हे श्रेय एकट्या जेम्सला देण्याचा मोह वृत्तपत्रांना झाला. मला तो होत नाही, कारण चेंडू शेवटी दुसऱ्याच कोणीतरी मारलेले होते. मला त्याचे पहिले पंचाहत्तर वाचक अधिक महत्त्वाचे वाटतात.

त्या वाचकांचे पुढे काय झाले? १९८४ च्या वार्षिकात जेम्सने आवाहन केले: दप्तर आपल्याला कागद देत नाही, तर आपणच कागद तयार करू. बड्या लीगचे सव्वीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे हंगामास २,१०६ सामने; शहरोशहरीच्या शौकिनांनी ते वाटून घेतले आणि मैदानात किंवा घरी बसून, एक कवडीही न घेता, चेंडूगणिक नोंदी भरून धाडल्या. पुढे १९८९ साली डेलावेअर विद्यापीठातील जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी याच मार्गाने मागे जाण्याचे ठरविले. त्यांनी आरंभिलेल्या ‘रेट्रोशीट’ या उपक्रमाचा उद्देश, जुन्या काळच्या प्रत्येक सामन्याची चेंडूगणिक कीर्द मिळवावी आणि जो मागेल त्यास ती फुकट द्यावी. संघांच्या कोठड्यांतील कागद, वार्ताहरांच्या खाजगी वह्या, वृद्ध शौकिनांनी पोटमाळ्यावर जपलेल्या नोंदी, असे जेथे जे मिळेल ते त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी गोळा केले. येथे आम्हां मराठी वाचकांस वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवीत हिंडणाऱ्या आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापणाऱ्या राजवाड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. राजवाड्यांच्या हाती पानिपतची पत्रे होती आणि स्मिथांच्या हाती एखाद्या विसरलेल्या मंगळवारचा सातवा डाव, हा फरक मोठाच. परंतु कागद वाळवीच्या आधी गाठण्याची घाई दोघांना सारखीच होती.

कित्येक सामने मात्र असे, की त्यांची वही कोठेच राहिलेली नाही. तेथे ही मंडळी दुसऱ्या दिवशीच्या चार-पाच वर्तमानपत्रांतील वृत्तांत आणि बॉक्स स्कोर, म्हणजे चॅडविकच्याच घडणीचे ते दोन बोटांचे कोष्टक, समोर ठेवून कोणता फलंदाज कोणत्या चेंडूवर कसा बाद झाला असावा हे एकेक पाऊल मागे जाऊन जुळवितात. असा जुळविलेला सामना ते खऱ्या कीर्दीत बेमालूम मिसळत नाहीत. तो अनुमानाने सिद्ध केला आहे, असे त्यावर स्पष्ट नोंदवून तो वेगळा ठेवतात.