गायरान : नांगर आणि नोंद

गाव म्हटलं की गायरान आलंच. पण ते राखून ठेवतं कोण? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. गुरचरण, गावठाण, खळे, बाजार, स्मशान या यादीत मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याची जागासुद्धा आहे! मेली गुरं ओढणं सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं. पण त्याची जागा एकोणचाळीस वर्षांनंतरच्या कायद्यातही राहिली. भूमिहीनाच्या शेतीचं नाव मात्र त्या यादीत नव्हतं.

१९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आयाबाया लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वी शेतीसाठी गायरान कसणाऱ्या पात्र भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेला पट्टा हा अपवाद मानला. म्हणजे वाचवतो तो कागद. तेव्हा बंधू-भगिनींनो, नुसता नांगर धरून भागणार नाही. गावी गेलात की सातबारा उघडून नोंद बघा.